गिरिजाचे दोन डाउट

सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ‘डाउट’ हा अगदी सोज्वळ शब्द होता. तास संपला की सर हाताचा खडू झटकत विचारायचे, ‘एनी डाउट्स?’ आणि पहिल्या बाकावरच्या मुली हात वर करायच्या. डाउट विचारणारी मुलगी म्हणजे अभ्यासू मुलगी. परीक्षेच्या आधी डाउट सोडवायचे वेगळे तास असायचे आणि त्या तासांना गिरिजा आरवाडेची वही सगळ्यांत भरलेली असायची. चार वर्षं या शब्दानं तिचं भलंच केलं. तोच शब्द पुढे अमेरिकेत एका भल्या माणसाच्या मुळावर उठेल, असं कोणी सांगितलं असतं तर तिनं ते हसण्यावारी नेलं असतं.

अमेरिकेत येऊन तिला सात महिने झाले होते. डेट्रॉइटजवळच्या एका विद्यापीठात ती बॅटरीवर पीएचडी करत होती आणि ट्रॉय या उपनगरात प्रीता नावाच्या मुंबईच्या मुलीबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहत होती. प्रीताकडे गाडी होती आणि गिरिजाला स्वयंपाक येत होता, त्यामुळे दोघींचं बरं चाललं होतं. लॅबमध्ये फ्रिजएवढ्या कपाटांत गाड्यांच्या बॅटरीचे सेल लावलेले असत. ते महिनोन्‌महिने चार्ज व्हायचे, रिकामे व्हायचे, परत चार्ज व्हायचे. कुठला सेल किती दिवसांत म्हातारा होतो याची नोंद ठेवायची, एवढंच काम. ऐकायला सोपं आणि करायला जीव खाणारं.

हे काम तिला संग्राम घोरपडेनं शिकवलं. संग्राम कराडचा, पुण्यात पीएचडी करून आलेला, लॅबमध्ये संशोधक म्हणून त्याचं तिसरं वर्ष. पस्तिशीचा, बुटका, बोलायला मोकळा. पहिल्या दिवशी गिरिजा त्याला ‘सर’ म्हणाली तेव्हा तो म्हणाला, “सर-बिर नको गं. तू सांगलीची, मी कराडचा, दोघं एकाच नदीचं पाणी प्यायलेले. दादा म्हण.” तेव्हापासून तो संग्रामदादा झाला. जानेवारीत तिचे कापडी बूट बर्फात भिजून तळवे बधिर झाले तेव्हा तोच तिला दुकानात घेऊन गेला होता. शुक्रवारचं जेवण त्याच्या घरी ठरलेलं. त्याची बायको नेत्रा भाकरी थापायची, आणि त्यांचा चार वर्षांचा कुश ‘गिरिजामावशी’ एवढंच मराठीत म्हणून बाकी सगळं इंग्रजीत बोलायचा.

संग्रामची नेमणूक पंधरा मेपर्यंत होती. लॅबच्या प्रमुख डॉ. केसलर, त्यांनी पुढच्या दोन वर्षांचं तोंडी कबूल केलं होतं. कागद एप्रिलमध्ये निघायचा होता. तो निघाला की व्हिसा वाढणार, व्हिसा वाढला की कुश इथल्या शाळेत जाणार. नेत्रानं शाळेचा फॉर्म भरूनही ठेवला होता.

मार्चमध्ये गिरिजावर लॅबच्या बैठकीत संग्रामचे आकडे समजावून सांगायची पाळी आली. चोवीस सेलची चाचणी होती, पण आलेखात बावीसच रेषा होत्या. अकरा नंबर आणि चौदा नंबर नव्हते. तिनं तीनदा मोजलं. विचारू की नको करत दोन आठवडे गेले, आणि विचारायचं ठरवलं त्या दिवशी संग्राम चाचणीचा खर्च देणाऱ्या कंपनीत मीटिंगला गेला होता. त्याचं कायमचं सांगणं असे, “डाउट आला की डोक्यात ठेवू नको. मेल टाक. विसरायच्या आधी लिहून टाक.” म्हणून तिनं लिहिलं. “डिअर संग्राम सर, आय हॅव टू डाउट्स इन युअर डेटा. सेल नंबर इलेव्हन अँड फोर्टीन आर नॉट देअर इन द ग्राफ. काइंडली क्लिअर माय डाउट्स अ‍ॅट द अर्लिएस्ट.”

हा मेल एकट्या संग्रामला गेला असता तर तो हसला असता आणि त्यानं दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण गिरिजानं केसलरबाईंना सीसीमध्ये घेतलं. सांगलीत तशीच पद्धत होती, एचओडींना सीसी केल्याशिवाय मेल म्हणून जायचा नाही. आणि खरं सांगायचं तर पद्धत हे निम्मंच कारण. ही मुलगी आकडे बारकाईनं वाचते हे बाईंच्या नजरेत यावं, असंही तिला वाटत होतं. हे निम्मं कारण तिनं पुढे कोणालाच सांगितलं नाही.

सांगलीत या पत्राला दहापैकी दहा मार्क मिळाले असते. पण तिकडच्या इंग्रजीत डाउट म्हणजे प्रश्न नव्हे, डाउट म्हणजे संशय. ‘तुमच्या आकड्यांबद्दल मला दोन ठिकाणी संशय आहे, दोन सेल गायब आहेत, ताबडतोब खुलासा करा,’ असं ते पत्र केसलरबाईंनी वाचलं. त्यात मागच्याच वर्षी शेजारच्या विभागात एकानं बनावट आकडे छापले होते, आणि माहीत असून गप्प बसल्याबद्दल आणखी दोघांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. तेव्हापासून सगळे जपून पावलं टाकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तिला बोलावून दार लावून घेतलं. “हे तू विचार करून लिहिलंस?”

“हो मॅडम. दोन आठवडे मनात होतं. विचारायची भीती वाटत होती.”

“भीती कोणाची? संग्रामची?”

गिरिजा लाजून हसली. “थोडी. ते सीनियर आहेत ना.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “इथे कोणालाही कोणाची भीती वाटता कामा नये. तू धाडस केलंस. थँक यू.”

गिरिजा तरंगतच बाहेर आली. तिनं लगेच आईला फोन लावला. बाईंनी मला धाडसी म्हटलं, असं तिनं सांगितलं, आणि आईनं ते स्वयंपाकघरातून ओरडून वडिलांना ऐकवलं. सांगलीला त्या संध्याकाळी आरवाड्यांच्या घरी सगळे खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये पोचली तर दोन माणसं संग्रामचा कॉम्प्युटर ढकलगाडीवर ठेवत होती. त्याच्या नोंदवह्या एका खोक्यात भरून खोक्याला पट्टी लावली होती, पट्टीवर तारीख आणि सह्या होत्या. संग्राम भिंतीला टेकून उभा होता. तो चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता. “गिरिजा, काय लिहिलंस गं?” एवढंच तो म्हणाला. तिनं फोनवर मेल काढून दाखवला. त्यानं वाचला, कपाळावर हात मारला आणि चक्क हसला. “डाउट. अगं बये, डाउट काय लिहितेस. क्वेश्चन लिही.” मग म्हणाला, “काही नाही, मिसअंडरस्टँडिंग आहे. शनिवारी घरी ये, नीट मेल लिहू. क्लिअर होऊन जाईल.”

ती शनिवारी दुपारी गेली. नेत्रानं थालीपीठं लावली. संग्रामनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि गिरिजानं लिहिलेला खुलासा दुरुस्त केला. तिला इंग्रजीतलं ‘द’ कधी लावायचं ते कळत नसे. तेवढी सगळी ‘द’ त्यानं लावली, दोन वाक्यं मागंपुढं केली. आपल्याकडे याला मदत म्हणतात. धाकट्यानं लिहायचं, थोरल्यानं तपासायचं, यात कुणाला काही गैर वाटत नाही. भारतात डाउट म्हणजे प्रश्न, माझा कोणावरही संशय नाही, झालेल्या गैरसमजाबद्दल क्षमस्व, अशा अर्थाचं ते पत्र झालं. छान झालं. गिरिजानं तिथूनच पाठवलं, आणि मग तिघांनी चहा घेतला.

सोमवारी तिला मिसेस वॉर्नर यांचं बोलावणं आलं. संशोधनातल्या गैरप्रकारांची चौकशी करणारं विद्यापीठाचं एक वेगळं कार्यालय होतं, त्याच्या या बाई. वयानं आईएवढ्या, आवाज मऊ, टेबलावर टिश्यूचं खोकं. त्यांनी गिरिजाचे दोन्ही मेल छापून शेजारीशेजारी ठेवले होते.

“पहिला मेल तू लिहिलास?”

“हो.”

“आणि हा दुसरा?”

“तोही मीच.”

“एकटीनं?”

गिरिजाला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खोटं कशाला बोलायचं हेही कळत नव्हतं. “इंग्लिश संग्रामनं चेक केलं. माझं ग्रामर वीक आहे.”

“कुठे बसून?”

“त्याच्या घरी.”

“आणखी कोण होतं?”

“त्याची बायको. ती थालीपीठं करत होती.”

मिसेस वॉर्नरनी थालीपीठाचं स्पेलिंग विचारलं आणि ते लिहून घेतलं. मग त्या पुढे वाकल्या. “गिरिजा, हा मेल पाठव असं तुला कोणी सांगितलं का? एखाद्या गोष्टीची भीती दाखवली का?” गिरिजा नाही म्हणाली. पुन्हा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा नाही म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बाईंनी टिश्यूचं खोकं तिच्याकडे सरकवलं. ते रडणं त्यांनी कोणत्या खात्यात धरलं हे सांगायला ज्योतिषी नको. त्या बाई दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर गिरिजाला भांडता तरी आलं असतं. त्या तिचं मनापासून रक्षण करत होत्या, आणि त्या रक्षणातून सुटायला कुठेच वाट नव्हती.

“हे मागे घेता येईल का?” तिनं शेवटी विचारलं.

“तू तुझं काम केलंस,” बाई म्हणाल्या. “आता ही गोष्ट तुझ्या हातात नाही. तिचं ओझं तू वागवू नकोस.” संध्याकाळी लेखी पत्र आलं. चौकशी पुरी होईपर्यंत संग्राम घोरपडे आणि गिरिजा आरवाडे यांनी एकमेकांशी प्रत्यक्ष, फोनवर किंवा कोणामार्फतही बोलायचं नाही. चौकशीला साठ दिवस लागतील. गिरिजानं बोटांवर दिवस मोजले. साठ दिवस पंधरा मेच्या पलीकडे जात होते.

“यार, तू एवढी गिल्टी का फील करतेयस?” प्रीता गाडी चालवता चालवता म्हणाली. “तू डेटा फेक केलास का? नाही. त्याने केला का? नाही. मग क्लिअर होणारच ना तो. सिस्टिम आहे इथे. प्रोसेस आहे.”

“प्रोसेस संपेपर्यंत त्यांची डेट जाईल गं.”

“मग एक्स्टेंड करतील.”

“चौकशी पेंडिंग असताना एचआर कोणाची फाइल पुढे पाठवत नाही. मी विचारून आले.”

प्रीतानं रेडिओचा आवाज थोडा वाढवला, पण फार नाही.

गिरिजानं मग एकेकाचे उंबरठे झिजवले. विभागात देवांग पारेख म्हणून वडोदऱ्याचे प्राध्यापक होते, तीस वर्षं अमेरिकेत. तिनं ‘डाउट’ म्हटल्याबरोबर त्यांना सगळं कळलं. ते खिन्न होऊन हसले. म्हणाले, “मीही पहिल्या वर्षी हाच शब्द वापरला होता. तेव्हा लोक नुसते हसले.” तिला वाटलं, देव भेटला. चौकशी समितीत तीन जण होते आणि त्यांत त्यांचंही नाव होतं. पण ते पुढे म्हणाले, “मी कालच समितीतून बाहेर पडलो, बेटा. मीही इंडियन, तोही इंडियन, तूही इंडियन. मी तुमच्या बाजूनं एक शब्द बोललो तरी म्हणतील, आपल्या माणसाला वाचवतोय. त्यामुळे संग्रामचंच नुकसान होईल.” हा शब्द ज्याला कळत होता असा अख्ख्या इमारतीतला एकुलता एक प्राध्यापक, तो कळतो म्हणूनच बाहेर बसला होता. गिरिजाला त्यांच्यावर रागावता आलं नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, तेच तर वाईट होतं.

एप्रिल तसाच गेला. संग्रामला लॅबमध्ये यायची मनाई नव्हती, पण सेलच्या कपाटांना हात लावायची होती. तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून जुने लेख वाचायचा. गिरिजा आली की उठून कॉफी आणायला जायचा. ती गेली की परत यायचा. नियम पाळण्यात दोघंही हुशार निघाले. शुक्रवारी ती घरी डाळभात लावायची आणि साडेसात वाजले की घड्याळाकडे बघायची, कारण त्या वेळी नेत्रा पहिली भाकरी तव्यावर टाकत असे.

एका रविवारी इंडियन ग्रोसरीच्या दुकानात तिची आणि नेत्राची गाठ पडली. नेत्रा मेथीच्या जुड्या निवडत होती. कुश ट्रॉलीत बसला होता. गिरिजा पळून जाणार होती, पण ट्रॉल्यांच्या गर्दीत वाट नव्हती. नियम संग्रामपुरता होता, नेत्राशी बोलायला बंदी होती की नव्हती हे पत्रात नीट लिहिलं नव्हतं. ‘कोणामार्फतही’ म्हणजे काय, हे कोणाला विचारायचं?

“गिरिजामावशी,” कुशनं हाक मारली आणि पुढचं नेहमीप्रमाणे इंग्रजीत विचारलं, “व्हाय डोन्ट यू कम टु अवर हाउस? आर यू मॅड अ‍ॅट अस?”

“नाही रे,” गिरिजा म्हणाली. “वहिनी, मी…”

नेत्रानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तिनं दुकानाच्या छताकडे, तिथल्या कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि हळूच म्हणाली, “नको गं. उगाच कोणी बघेल. आमचं आधीच…” वाक्य तिनं सोडून दिलं. मेथीची एक जुडी तिनं ट्रॉलीत टाकली आणि ट्रॉली वळवली. गिरिजा तिथेच उभी राहिली. तिला मेथी घ्यायची होती, ती तिनं घेतली नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात समितीपुढे तिची साक्ष झाली. या वेळी ती तयारीनं गेली होती. कॉलेजच्या मैत्रिणीकडून तिनं सांगलीच्या नोटीस बोर्डाचा फोटो मागवला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘डाउट सॉल्व्हिंग बॅच, रविवारी नऊ ते अकरा, सर्वांनी उपस्थित राहावे’. त्याच्या तीन रंगीत प्रती काढून तिनं तिघांपुढे ठेवल्या आणि पाठ केलेलं सगळं न अडखळता सांगितलं. समितीनं लक्ष देऊन ऐकलं. पारेखांच्या जागी आलेले प्राध्यापक तर खूश झाले. “किती इंटरेस्टिंग,” ते म्हणाले. “म्हणजे शब्द तोच, अर्थ वेगळा.”

“हो, सर. म्हणजे माझी तक्रारच नव्हती.”

“असू शकतं,” ते म्हणाले. “आमचा तुझ्यावर विश्वास आहे. पण दोन सेल आलेखात नाहीत, हे तर खरं आहे ना?”

“हो.”

“मग ते का नाहीत, हे आम्हाला आता पाहावंच लागेल. तू कोणत्या अर्थानं विचारलंस यानं आता फरक पडत नाही.”

गिरिजाला वाटलं, टेबलावर चढावं आणि ओरडावं. प्रत्यक्षात तिनं थँक यू म्हटलं, तीन रंगीत प्रती तिथेच ठेवल्या आणि बाहेर आली. लिफ्टमध्ये तिनं ‘क्वेश्चन’ हा शब्द मोठ्यानं तीन-चार वेळा म्हणून पाहिला. किती साधा शब्द होता. तिला तो पहिलीपासून येत होता.

पंधरा मे गुरुवारी आला. कागद निघाला नव्हता. संग्रामचं ओळखपत्र संध्याकाळी पाच वाजता बंद झालं. गिरिजानं कॉरिडॉरच्या टोकाकडून पाहिलं, तो दाराबाहेर उभा राहून आपली छत्री आत राहिली म्हणून कोणाला तरी दार उघडायला सांगत होता. ती चार पावलं पुढे गेली आणि थांबली. दुसऱ्याच एका मुलानं दार उघडलं.

तेवीस मेला निकाल लागला. अकरा आणि चौदा नंबरचे सेल कपाटाच्या ज्या खणात होते त्या खणाची वायर सैल होती. संग्रामनं ते ज्या दिवशी लक्षात आलं त्याच दिवशी आपल्या वहीत लिहून ठेवलं होतं, वायर तपासणाऱ्या तंत्रज्ञाची सहीसुद्धा घेतली होती. ही वही मार्चमध्येच खोक्यात बंद करून पट्टी लावून ठेवली होती. समितीनं लिहिलं, की श्री. घोरपडे यांच्या नोंदी आदर्श आहेत आणि त्यांच्याविरुद्ध काहीही आढळलेलं नाही. गिरिजाला वेगळं पत्र आलं. तिनं सद्‌भावनेनं आणि धैर्यानं पुढे येऊन संशोधनाची प्रतिष्ठा जपल्याबद्दल विद्यापीठ तिचं आभारी होतं.

ती पत्र घेऊन धावतच केसलरबाईंकडे गेली. “मॅडम, आता तर ते क्लिअर झाले. आता त्यांना परत घ्या.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. व्हिसाची तारीख एकदा उलटली की तो वाढवता येत नाही, आणि त्या प्रकारच्या व्हिसावर पुन्हा यायचं तर दोन वर्षं थांबावं लागतं. त्यांनी वकिलाला विचारलं होतं, दोन वकिलांना विचारलं होतं. संग्रामला महिन्याच्या आत देश सोडावा लागणार होता. “मला फार वाईट वाटतं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत होतं. मग त्या म्हणाल्या, “त्याचं काम मध्येच सोडता येणार नाही. कंपनी वाट बघतेय. ते आकडे तुझ्याइतके बारकाईनं कोणी वाचलेले नाहीत. ते काम तू घे.”

बाईंच्या नजरेत यायचं होतं ना, आली.

ती नाही म्हणणार होती. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिचं पुढच्या सत्राचं काहीच ठरलं नव्हतं. काम नाही तर फी माफ नाही, फी माफ नाही तर परतीचं तिकीट, आणि सांगलीत सगळ्यांना ती धाडसी म्हणून माहीत होती. “विचार करून सांगते,” ती म्हणाली. विचार करायला तिला दोन दिवस दिले होते. तिनं एका दिवसात हो सांगितलं. तिनं नाही म्हटलं असतं तरी संग्रामला काही परत मिळणार नव्हतं, असं तिनं स्वतःला सतरा वेळा समजावलं. ते खरंही होतं. तरी तिला स्वतःचं तोंड आरशात बघवेना.

बोलायची बंदी उठली होती. काम समजावून घ्यायला तिनं संग्रामला मेल केला. लिहायला तासभर लागला, चारच ओळी होत्या. त्याचं उत्तर लगेच आलं, मंगळवारी अकरा वाजता या.

घर अर्धं रिकामं झालं होतं. सोफा विकला गेला होता. भिंतीला टेकवून खोकी ठेवली होती, एकावर नेत्राच्या अक्षरात ‘कुश खेळणी, हलकं’ असं लिहिलं होतं. नेत्रा कुशला घेऊन बाहेर गेली होती. मुद्दाम गेली असावी. संग्रामनं तिला खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसला.

“दादा, आधी मला बोलू दे,” गिरिजा म्हणाली. तिनं येताना गाडीत प्रीतासमोर सगळं म्हणून पाहिलं होतं, पण आता त्यातलं काही आठवेना. “माझ्यामुळे झालं सगळं. मी सीसी केलं नसतं तर…”

“झालं ते झालं,” तो म्हणाला. आवाज शांत होता. “तुमचा काही दोष नाही. आपण कामाचं बघू. मला तीन वाजता बँकेत जायचंय.”

गिरिजाला क्षणभर कळलं नाही. कोणाबद्दल बोलतोय हा? तिनं वळून मागेही पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्यानं लॅपटॉप उघडला. कपाटाचा प्रत्येक खण, प्रत्येक सेलची तारीख, कुठली वायर त्रास देते, कंपनीतल्या कोणत्या माणसाला फोन करायचा आणि कोणाला नुसता मेल, सगळं त्यानं समजावलं. काही लपवलं नाही, काही घाईत उरकलं नाही. तिला समजायला वेळ लागला तिथे तो थांबला. त्यानं नेहमी शिकवलं तसंच शिकवलं. फक्त ‘बघा’, ‘लिहून घ्या’, ‘हे तुम्ही रोज सकाळी तपासा’. सात महिने ज्या तोंडून ‘अगं बये’ ऐकलं होतं, त्या तोंडून आता एकेक ‘तुम्ही’ येत होता, नीट, आदरानं, आणि तिला तो मोजता येत होता. त्यानं एकदा तरी रागवावं, वही आपटावी, वाट्टेल ते बोलावं, असं तिला फार वाटलं. रागावलेल्या माणसाच्या पाया तरी पडता येतं.

“दादा,” शेवटी तिला राहवेना. “मला तुम्ही नका ना म्हणू. नेहमीसारखं बोल ना.”

संग्राम थांबला. त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला. तिच्याकडे त्यानं पाहिलं, त्या पाहण्यात राग नव्हता, थकवा होता. काय बोलावं याचा तो खरोखर विचार करत होता.

“आपल्या बोलण्यातलं काय कोणाला कसं लागेल, सांगता येत नाही,” तो म्हणाला. “मी जरा जास्तच मोकळं बोलत होतो. चुकलं माझं. लिहा, सोळा नंबरचा खण.”

गिरिजानं मान खाली घातली आणि सोळा नंबरचा खण लिहून घेतला.